निकाल झाकून शिकवणारा नीतीचा कोर्स

कंपनीत नैतिकतेचं प्रशिक्षण लागलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: सही करून निघता येतं का? या कोर्सात येत नाही, म्हणून हा अभिप्राय लिहायला घेतला. शिकवणारी संस्था फक्त कंपन्यांसाठी तुकड्या घेते, एकट्यादुकट्याला प्रवेश देत नाही. शिवाय तुकडीतली चर्चा बाहेर सांगताना कोणाचीच ओळख पटू द्यायची नाही असं ठरलं होतं, त्यामुळे नाव लिहीत नाही. तुमच्याकडे असा प्रस्ताव आला तर पद्धतीवरून ओळखाल.

मी गुणवत्ता विभागात आहे. आलेला माल पास करायचा की होल्डवर टाकायचा, हे रोजचं काम. सचोटी, पारदर्शकता वगैरे शब्द फ्रेम करून भिंतीवर लावलेले पाहून मला काही होत नाही. गाडी दाराशी लागली आहे, विक्रीवाला फोनवर घाई करतोय, कागदात काहीतरी खटकतंय आणि सही माझी जाणार आहे, अशा वेळी विचार कोणत्या क्रमाने करायचा, हे कोणी शिकवलं तर हवं होतं. त्या मापाने हा कोर्स निम्मा उत्तम, बराचसा ठीक आणि थोडा कापून फेकावा असा आहे.

उत्तम काय आहे ते आधी सांगते. इथे प्रत्येक प्रकरण भागाभागाने मिळतं. पहिला भाग निर्णयाच्या तोंडाशी येऊन थांबतो. कंपनीचं नाव नाही, सालं पुसट केलेली. तुम्ही अर्धं पान लिहायचं: मी काय करेन, आणि कोणती माहिती हाती आली तर माझं मत बदलेल. ते दिलं की मागे घेता येत नाही. मगच पुढचा भाग उघडतो. ऐकायला साधं वाटतं, पण सगळा कोर्स या एका अटीवर उभा आहे. कारण एरवी असल्या वर्गात सगळ्यांना शेवट आधीच ठाऊक असतो, आणि शेवट ठाऊक असला की प्रत्येक जण हरिश्चंद्र.

पहिलं प्रकरण असं होतं. एका औषध कंपनीकडे जनावरांच्या जंतांवरचं एक नवं औषध आहे. त्यातल्या एका शास्त्रज्ञाच्या लक्षात येतं की, माणसांना आंधळं करणाऱ्या एका रोगावर ते चालू शकेल. रोग वाहत्या नद्यांकाठच्या माश्यांमुळे पसरतो, शरीरात कृमी वाढतात, त्यांची पिल्लं कातडीत आणि डोळ्यांत शिरतात. ज्यांना होतो त्यांच्याकडे औषधाला पैसे नाहीत, त्यांच्या सरकारांकडेही नाहीत. माणसांवर चाचण्या घ्यायच्या तर खर्च प्रचंड. आणि चाचण्यांत काही भलतंसलतं निघालं तर जनावरांच्या औषधाचा धंदाही बसेल. संशोधनाचे प्रमुख तुम्ही आहात. पुढे जायचं का?

आमच्या तुकडीत हिशेबवाल्यांनी सरळ 'नाही' लिहिलं. भागधारकांचा पैसा असा उधळायचा अधिकार प्रमुखाला कोणी दिला, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो वाटतो तितका निर्दय नाही. पैसा दुसऱ्याचा असताना दानशूर होणं सोपं असतं, हे कुणीतरी बोलायला हवंच होतं.

दुसऱ्या भागात नाव उघडलं: मर्क. औषध आयव्हरमेक्टिन, रोग ऑन्कोसर्कायसिस, म्हणजे रिव्हर ब्लाइंडनेस. शास्त्रज्ञ विल्यम कॅम्बेल यांची कल्पना संशोधनाचे प्रमुख रॉय व्हॅजेलोस यांनी उचलून धरली, १९८१ मध्ये सेनेगलमध्ये माणसांवर पहिल्या चाचण्या झाल्या, औषध चाललं. मग पैसे देणारा कोणी मिळतो का याचा शोध झाला. मिळाला नाही. १९८७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की लागेल तितकं, लागेल तोवर फुकट देऊ. तोवर व्हॅजेलोस कंपनीचे प्रमुख झाले होते. २०१३ मध्ये कोलंबिया हा या रोगातून मुक्त ठरलेला जगातला पहिला देश झाला, आणि २०१५ मध्ये कॅम्बेल आणि जपानचे सातोशी ओमुरा यांना नोबेल मिळालं.

बहुतेक प्रशिक्षणं इथे टाळ्या वाजवून जेवायला सोडतात. इथे तिसरं पाकीट आलं. पुन्हा एक औषध कंपनी, पुन्हा नाव नाही. सांधेदुखीवरचं औषध, खप जोरात. एका मोठ्या अभ्यासात दुसऱ्या एका वेदनाशामकाच्या तुलनेत या औषधाच्या गटात हृदयविकाराचे झटके जास्त दिसले. आकडे दोन्ही बाजूंनी लावता येतात: एकतर तुलनेतलं औषध हृदयाला जपतं, किंवा आपलं औषध हृदयाला अपाय करतं. अभ्यासात काहीच औषध न दिलेला गट नाही, त्यामुळे ठामपणे सांगता येत नाही. काय कराल? नदीकाठच्या रोग्यांना फुकट औषध देऊ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी इथे लिहिलं: अजून अभ्यास करू, तोवर विक्री चालू.

नाव उघडलं तेव्हा वर्ग गप्प झाला. पुन्हा मर्कच. औषध व्हायॉक्स. तो अभ्यास २००० मधला, आणि कंपनीनेही पहिल्या अर्थावरच भर दिला होता. पुढे निष्क्रिय गोळीशी तुलना करणाऱ्या चाचणीत दीड वर्षानंतर झटक्यांचा धोका दुपटीच्या आसपास दिसला, तेव्हा ३० सप्टेंबर २००४ ला औषध बाजारातून काढलं. २००७ मध्ये खटल्यांच्या तडजोडीसाठी ४८५ कोटी डॉलर मान्य करावे लागले. औषध लोकांसाठी असतं, नफ्यासाठी नव्हे, असं १९५० मध्ये बोलून गेलेल्या जॉर्ज मर्क यांचीच ही कंपनी.

त्या दिवशी चर्चा वेगळ्याच ठिकाणी गेली. पहिल्या प्रकरणात निर्णय घ्यायचा आहे हे सगळ्यांना दिसत होतं. दुसऱ्यात काहीच न करणं हाही निर्णय आहे, हे कोणाला जाणवलंच नव्हतं, कारण विक्री आपोआप चालू राहते. अवघड निर्णयाचं लचांड बहुतेकदा हेच असतं. तो निर्णय म्हणून समोर येतच नाही, चालू असलेल्या कामाच्या रूपात येतो.

यानंतरची जोडीही विचारपूर्वक लावली होती. टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचं १९८२ चं प्रकरण अशा कोर्सात असतंच. शिकागोच्या परिसरात कोणीतरी कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलं, ७ माणसं गेली, जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, छेडछाड लगेच कळेल अशी नवी वेष्टनं आणली, आणि गेलेला ग्राहक परत आला. त्याच्या शेजारी कोर्सने माल्डन मिल्स ठेवली. डिसेंबर १९९५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधली ही कापड गिरणी जळाली. विम्याचे पैसे घेऊन निवांत बसायच्या वयात मालक आरन फॉयरस्टाइन यांनी गिरणी तिथेच पुन्हा बांधायची ठरवली आणि काम बंद असताना कामगारांचे पगार काही महिने चालू ठेवले. देशभर कौतुक झालं. २००१ मध्ये गिरणी दिवाळखोरीत गेली.

तुकडीतला एक जण म्हणाला, बघा, पहिला शहाणा आणि दुसरा भोळा. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी त्याला त्याचंच अर्धं पान वाचायला लावलं. निकाल कळायच्या आधी त्याने फॉयरस्टाइनच्या बाजूने लिहिलं होतं, तेही चांगलं तीन मुद्द्यांनिशी. मग त्यांनी फळ्यावर चार चौकोन काढले. चांगला निर्णय, चांगला शेवट: टायलेनॉल. चांगला निर्णय, वाईट शेवट: गिरणी. वाईट निर्णय, वाईट शेवट: त्याची तर रांगच लागते. चौथा चौकोन रिकामा ठेवून त्यांनी विचारलं, इथली उदाहरणं आपल्याला का आठवत नाहीत?

कारण वाईट निर्णयाचा शेवट चांगला झाला की त्याची चौकशी होत नाही, त्यावर कोणी प्रकरण लिहीत नाही, आणि तो निर्णय घेणाऱ्याला बढती मिळते. मॅडमनी त्या चौकोनात नासाच्या चॅलेंजर या अवकाशयानाच्या अपघाताआधीची उड्डाणं लिहिली. मला हा कोर्समधला सगळ्यात मोलाचा क्षण वाटला. चॅलेंजर १९८६ मध्ये कोसळलं हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी तशा अवकाशयानांची (स्पेस शटलची) २४ उड्डाणं सुखरूप झाली होती, आणि त्यांतल्या काहींमध्ये रॉकेटच्या जोडावरची रबरी कडी झिजलेली, जळलेली सापडली होती, हे मात्र फारसं लक्षात नसतं. जानेवारी १९८५ च्या थंडीतल्या उड्डाणात तर कडीपलीकडे काजळी गेलेली दिसली. यान परत आलं, म्हणजे चालतं, असा अर्थ हळूहळू लावला गेला. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या रॉजर बॉइसजॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एवढ्या थंडीत उडवू नका असं सांगितलं, तेव्हा नासाकडून त्यांना विचारणा झाली ती 'उडणार नाही हे सिद्ध करा' अशा धाटणीची. एरवी उडणं सुरक्षित आहे हे सिद्ध करायचं असतं. कंपनीने पाच मिनिटं मागितली, अर्धा तास घेतला. त्यात अभियांत्रिकीच्या प्रमुखाला वरिष्ठाने सांगितलं की आता अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. सल्ला फिरला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, ७ जण गेले. सिद्ध करायचं ओझं कोणाच्या खांद्यावर आहे, एवढा एकच प्रश्न मी त्या दिवसानंतर प्रत्येक बैठकीत आधी तपासते.

आता जिथे कोर्स घसरला ते. फोर्ड कंपनीची पिंटो ही मोटार. कोर्सात गोष्ट अशी सांगितली: मागून धडक बसली की पेट्रोलची टाकी फुटते हे कंपनीला माहीत होतं, गाडीमागे ११ डॉलर खर्चून दुरुस्ती करता आली असती, पण कंपनीने हिशेब केला, माणसाच्या जिवाची किंमत २ लाख डॉलर धरली आणि माणसं जळू दिली. पडद्यावर तो प्रसिद्ध तक्ताही आला: १८० मृत्यू, १८० गंभीर भाजलेले, २१०० जळलेल्या गाड्या, हे सगळं टळल्याचा एकूण फायदा ४ कोटी ९५ लाख डॉलर, दुरुस्तीचा खर्च १३ कोटी ७० लाख. वर्ग चिडला, जसा चिडायला हवा होता तसा.

पण तो तक्ता पिंटोचा नाही. खर्चाच्या बाजूला १ कोटी १० लाख मोटारी आणि १५ लाख छोटे ट्रक आहेत. एवढे पिंटो कधी बनलेच नाहीत. गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीबद्दल सरकारी नियम येऊ घातला होता, त्याच्या संदर्भात देशभरातल्या सगळ्या गाड्या धरून केलेला तो हिशेब होता, आणि जिवाची २ लाखांची किंमत सरकारच्या सुरक्षा यंत्रणेच्याच आकडेवारीतून आली होती. याचा अर्थ फोर्ड निर्दोष असा नाही. टाकीची जागा धोक्याची होती, चाचण्यांत ते दिसलं होतं, आणि १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पण दुष्ट हिशेबनिसाची गोष्ट सांगितली की ऐकणारा सुटतो. मी काही माणसांच्या जिवाची किंमत लावत नाही, म्हणजे मी बरी. खरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. त्या काळात फोर्डमध्ये परत बोलवायच्या गाड्यांचं काम पाहणारे डेनिस गिओया पुढे प्राध्यापक झाले आणि १९९२ मध्ये त्यांनी स्वतःबद्दलच लिहिलं. फाइल त्यांच्या टेबलावर आली होती, आणि ती नेहमीच्या निकषांत बसली नाही म्हणून त्यांनीही गाडी परत बोलवायच्या बाजूने मत दिलं नव्हतं. ढिगाने येणाऱ्या तक्रारींतून ठरलेल्या खुणा शोधायची सवय लागली होती, आणि ही तक्रार तशी दिसत नव्हती. मी दिवसभर हेच काम करते, त्यामुळे मला तक्त्यापेक्षा या कबुलीची भीती जास्त वाटली. निकाल झाकून शिकवणाऱ्या कोर्सने नेमकं हेच प्रकरण खलनायक आधी दाखवून शिकवावं, याचं नवल वाटलं. मी सांगितलं, मॅडमनी नोंद घेतली, पुढच्या तुकडीत बदललं की नाही ते त्या तुकडीतल्या कोणीतरी लिहावं.

प्रकरणांच्या मधे एक 'निर्णयाचा तक्ता' भरायचा असतो. कोणाकोणावर परिणाम होतो, नियम काय म्हणतो, परिणाम काय, आणि असं केल्याने आपण कोण ठरतो. पाश्चात्त्य नीतिशास्त्रातले तीन-चार मोठे विचार चार रकान्यांत कोंबले आहेत. पहिला रकाना कामाचा, बाकीचे भरताना माणूस आधी ठरवलेल्या उत्तराला कारणं पुरवत बसतो. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी एकाच प्रकरणाला दोन उलट उत्तरं देऊन दोन्ही तक्ते तितकेच भरगच्च भरून दाखवले. हसण्यावारी गेलं ते, जायला नको होतं.

कोर्सच्या शेवटच्या भागात स्वतःचं प्रकरण आणायचं असतं. ओळख पटू नये म्हणून वस्तू बदलून सांगते. एका जुन्या, छोट्या पुरवठादाराकडून व्हॉल्व्हच्या स्पिंडलचा लॉट आला. सोबत धातूचं चाचणी प्रमाणपत्र. हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक, नवा, पण कार्बनपासून क्रोमियमपर्यंत सगळे आकडे शेवटच्या दशांशापर्यंत मागच्या हीटचेच. भट्टीतून निघालेल्या दोन वेगळ्या हीट अशा जुळत नसतात. कोणीतरी जुन्या प्रमाणपत्रावर नंबर बदलला होता. एक नग स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या चाचणीला पाठवला, रिपोर्ट चांगला आला. म्हणजे माल खरा, कागद खोटा. पाठवणीची तारीख डोक्यावर, उशीर झाला तर दंडाचं कलम. पुरवठादाराचा निम्म्याहून जास्त धंदा आमच्याकडून. काळ्या यादीत टाकला तर त्याचं दुकानच बंद होईल, आणि त्याच्याकडच्या कामगारांनी तर काही केलेलं नाही.

तुकडी तासभर भांडली. माल चांगला आहे तर सोडा, असं एक टोक. खोटा कागद म्हणजे खोटा माणूस, तोडा, असं दुसरं. मधले लोक म्हणाले, ग्राहकाला डेव्हिएशन नोट, म्हणजे ठरल्यापेक्षा काय वेगळं आहे त्याची लेखी कबुली, पाठवून नव्या रिपोर्टवर मंजुरी घ्या. मलाही ते पटत होतं. तोवर शांत असलेल्या मॅडमनी विचारलं, "हा लॉट राहू द्या. आधीच्या लॉटांचं काय?"

तिथे सगळ्यांची बोलती बंद झाली. स्पेक्ट्रोने फक्त हातातला लॉट सुटला होता. त्याच माणसाचे आधीचे लॉट कधीच व्हॉल्व्हमध्ये बसून लोकांच्या यंत्रांवर गेले होते, त्यांची प्रमाणपत्रं दोन हीट एकमेकांशेजारी ठेवून कोणी पाहिली नव्हती. समोरच्या पेट्यांवर आम्ही एवढे तावातावाने बोलत होतो कारण त्या समोर होत्या. जे बाहेर गेलं त्याबद्दल काही न करणं पुन्हा एकदा निर्णयासारखं दिसतच नव्हतं. मॅडमनी पुढे दोनच गोष्टी करून घेतल्या: या खोलीबाहेरच्या ज्या माणसावर धोका आहे त्याच्या नावाने एक ओळ लिहायची, आणि त्याला आपण काय सांगितलं असतं ते त्या ओळीखाली. माझी ओळ व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाची होती. ती लिहिल्यावर जुन्या प्रमाणपत्रांच्या फाइली काढायच्या की नाही हा प्रश्न उरला नाही. ग्राहकाला या आणि आधीच्या लॉटांबद्दल पत्र गेलं, आणि पुरवठादाराला तोडण्याआधी समोर बसवून विचारलं गेलं.

पुढे काय झालं ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही त्यावरून पत्र बरोबर होतं की चूक ते ठरवाल.

बाकीचं थोडक्यात. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं कंटाळवाणी आहेत, सोडली तरी अडत नाही. वाचायला वेळ लागतो, आणि तो कामाच्या वेळेत मिळेल असं कंपनीकडून आधीच कबूल करून घ्या, नाहीतर रात्री डोळे चोळत अर्धं पान लिहावं लागतं. मार्गदर्शक कोण मिळतं यावर फार अवलंबून आहे. आमच्या मॅडम स्वतः कारखान्यात काम केलेल्या होत्या, दुसऱ्या तुकडीला फक्त पडद्यावरच्या स्लाइड्स वाचणारे गृहस्थ मिळाले आणि तिथल्यांचं मत माझ्याहून बरंच वाईट आहे. साहेब आणि त्यांच्या हाताखालची माणसं एका तुकडीत अजिबात नकोत. आमच्यात एका प्रकरणापुरते एक वरिष्ठ येऊन बसले, तर त्या दिवशीची सगळी अर्धी पानं एकसारखी निघाली.

आणि शेवटी एक बहुपर्यायी परीक्षा असते. प्रत्येक नैतिक पेचाला चार पर्याय, बरोबर एकच, उत्तीर्ण व्हायला ठरावीक गुण. इतका कोर्स घेतल्यानंतर हे त्यांना सुचतं कसं कोण जाणे. ही परीक्षा प्रमाणपत्रासाठीच असते, म्हणून नाव नोंदवताना विचारतील तेव्हा प्रमाणपत्र नको म्हणून सांगा, ती आपोआप टळते.